दहा दिवसांचा साठा

हा विषय बरेच विकांत डोक्यात घोळतोय. थोडा तांत्रिक आहे, पण ज्यांचा प्रोग्रॅमिंगशी संबंध एक्सेलच्या फॉर्म्युल्यापुरताच येतो त्यांनीही वाचायला हरकत नाही. यात माझे देवळीचे मामा आहेत आणि एक जळालेली डीपीही आहे.

बॉइंक नावाचं सॉफ्टवेअर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कॉलेजात कधीतरी टाकून बघितलं असेल. बर्कलेच्या डेव्हिड अँडरसन यांच्या गटानं 2002 पासून ते बांधायला घेतलं. कल्पना साधी. एखादा प्रचंड मोठा हिशोब असतो, त्याचे हजारो लाखो बारीक तुकडे करायचे आणि ते जगभरच्या हौशी लोकांच्या घरच्या मशीनवर पाठवायचे. आपली मशीन रिकामी असते तेव्हा तुकडा सोडवते आणि उत्तर परत पाठवते. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे सेटी ॲट होम. 17 मे 1999 ला ते सुरू झालं तेव्हा बॉइंक नव्हतंच, 2004 मध्ये ते बॉइंकवर आलं आणि 31 मार्च 2020 ला त्यांनी नवीन काम वाटणं थांबवलं. परग्रहावरून कुणाचा फोन आला नाही, पण वीस वर्षं लोकांच्या पंख्यांचा आवाज मात्र रात्रभर येत राहिला :)

या बॉइंकच्या सेटिंगमध्ये एकाखाली एक अशा दोन ओळी आहेत. पहिली म्हणते, जास्तीत जास्त इतके टक्के सीपीयू वापरा. दुसरी म्हणते, जास्तीत जास्त इतके टक्के सीपीयूचा वेळ वापरा. वाचायला सारख्याच वाटतात, आणि बहुतेक लोक त्या सारख्याच समजून दोन्हीकडे पन्नास टाकून मोकळे होतात. प्रत्यक्षात पहिली ओळ किती कोअर कामाला लावायचे ते ठरवते. चार कोअर असतील तर पन्नास टक्के म्हणजे दोन. दुसरी ओळ लावलेल्या कोअरना काही सेकंद पळवते, काही सेकंद थांबवते, परत पळवते. जुन्या मशीनवर दुसरी ओळ वापरली की पंख्याचा आवाज सारखा वरखाली होत राहतो, दम्याच्या पेशंटसारखा. माझं मत विचाराल तर कोअर कमी करा, वेळेच्या ओळीला हात लावू नका. पण लोकांना टक्के आवडतात. असो.

तर मामा. मामांचा देवळीला कॉम्प्युटर क्लास आहे. देवळी म्हणजे वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलात की सतरा-अठरा किलोमीटरवर. कापसाचं गाव, सीझनमध्ये जिनिंगसमोर गाड्यांची रांग. 2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाल्यावर गावोगाव जे क्लास निघाले त्यातलाच हा एक. ज्या काळाबद्दल सांगतोय तेव्हा तिथे दहा मशीन होत्या, सगळ्या दोन कोअरच्या, बहुतेक सेकंडहँड. एक इन्व्हर्टर, आणि भिंतीवर टाईपिंगच्या बोटांचा तक्ता.

मामी 2013 मध्ये गेल्या. बीजांडकोशाचा कॅन्सर होता. दीड वर्ष सेवाग्राम आणि नागपूर अशा चकरा झाल्या. पुढच्या वर्षी दिवाळीत मी देवळीला गेलो होतो, तेव्हा बोलता बोलता वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडचा विषय निघाला. आयबीएमनं 2004 मध्ये सुरू केलेला हा उपक्रम. त्यावर 2013 च्या नोव्हेंबरपासून मॅपिंग कॅन्सर मार्कर्स नावाचा प्रकल्प चालू झाला होता. टोरंटोचे इगोर ज्युरिसिका आणि त्यांचा गट. रुग्णांच्या ऊतींच्या माहितीतून, कॅन्सर लवकर ओळखू येईल अशा जनुकांच्या जोड्या-तिकड्या शोधायच्या. शक्यता इतक्या की एका प्रयोगशाळेच्या मशीननी तो हिशोब जन्मात संपू नये. आधी फुप्फुसाचा कॅन्सर, मग बीजांडकोशाचा, मग सार्कोमा, असा क्रम होता.

मामांनी एवढंच विचारलं, "आपल्या मशिनी चालतीन काय त्याले?"

म्हटलं, चालतील.

"मग लाव ना. रातभर झोपूनच राहतात त्या."

मी पुण्याला परत आलो आणि इकडे मामांनी सेटिंगचा एकूण एक रकाना स्वतः वाचून काढला. प्रत्येक ठिकाणी, जिथे आकडा टाकता येतो तिथे, सगळ्यात मोठा आकडा टाकला. सीपीयू शंभर टक्के. सीपीयूचा वेळ शंभर टक्के. आणि खाली "इतक्या दिवसांचं काम साठवून ठेवा" अशी ओळ असते तिथे दहा. त्याच्याखाली "वर आणखी इतक्या दिवसांचं" असते तिथेही दहा.

हे अडाणीपणाचं नव्हतं बरं का. त्यामागे विचार होता. ब्रॉडबँडची लाईन कधी जाईल त्याचा नेम नव्हता, एकदा गेली की तीन-तीन दिवस यायची नाही. मग घरात दाणे भरून ठेवावेत तसं काम भरून ठेवलं तर मशीन रिकाम्या बसणार नाहीत, असा त्यांचा हिशोब. आणि खरं सांगायचं तर तो हिशोबाचाही प्रश्न नव्हता. मी एकदा फोनवर म्हणालो, मामा, अर्धे कोअर क्लासच्या पोरांसाठी मोकळे ठेवा ना. तर म्हणाले, "काहून बे? मी काय मोजून देऊन राहिलो का?"

यावर काय बोलणार. गप्प बसलो.

आता गंमत बघा कशी होते ती. (गंमत म्हणजे आपल्या धंद्यात ज्याला गंमत म्हणतात ती.) बॉइंकचा क्लायंट बावळट नाही. ही मशीन दिवसातून किती वेळ चालू असते, चालू असताना किती वेळ काम करू देते, याची सरासरी तो स्वतःच काढत असतो. त्यावरून पुढच्या दिवसांची एक छोटी रंगीत तालीम करून बघतो की हातातली कामं मुदतीत होतील का. होणार नाहीत असं दिसलं तर ज्याची मुदत आधी संपते ते काम पुढे ओढतो. सर्व्हरसुद्धा काम देण्याआधी हाच अंदाज बघतो. पण हा सगळा अंदाज मागच्या दिवसांवर बेतलेला. मार्च-एप्रिलमध्ये मशीन रोज बावीस-बावीस तास चालल्या. एक काम त्या मशीनवर साडेपाच तासांचं धरा. दोन कोअर, बावीस तास, म्हणजे दिवसाला आठ कामं. मुदत साधारण आठवड्याची. म्हणजे एका मशीननं आठवड्यात छप्पन्न कामं सहज संपवावीत. सर्व्हरनं विश्वासानं तेवढी दिली. दहा मशीन, साडेपाचशेच्या वर कामं.

आणि मग 2015 चा मे महिना आला. वर्ध्याकडचा मे ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. पारा पंचेचाळीसला टेकला की पत्र्याखालच्या खोलीत माणूस बसत नाही, दहा मशीन कुठून बसतील. दोन मशीन तापून आपोआप बंद पडायला लागल्या. मामांनी दुपारचा क्लास बंद केला, मशीनही बंद. त्यात दिवसातून दोन-तीनदा वीज जायची. शेवटी नाईलाजानं त्यांनी एकच कोअर चालू ठेवला. म्हणजे एक कोअर, दिवसाला अकरा तास, दोन कामं. आठवड्याला चौदा. उरलेली बेचाळीस कामं मशीनमध्ये पडून, एकेका मशीनमध्ये बेचाळीस.

वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडच्या निकालाच्या पानावर प्रत्येक कामापुढे त्याची अवस्था लिहिलेली असते. व्हॅलिड, पेंडिंग वगैरे. त्या महिन्यात मामांच्या पानावर "नो रिप्लाय" ची रांग लागली. उत्तर नाही, उत्तर नाही, उत्तर नाही. मामांना ते फार लागलं. मला रात्री साडेदहाला फोन. "मी रिप्लाय देत नाही म्हणते तो. मी तं रातभर जागून मशिनी पाहून राहिलो."

तुम्ही म्हणाल, उशीर झाला तर झाला, हौसेचं काम आहे. पण मुदत संपलेलं काम सर्व्हर दुसऱ्या कुणाला तरी देतो, बऱ्याचदा वेळेवर उत्तर देणाऱ्या भरवशाच्या मशीनला, आणि कमी मुदतीत. म्हणजे मामांच्या मशीनमध्ये आठ दिवस पडून राहिलेला तुकडा त्या आठ दिवसांत दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर संपला असता. एकेका गठ्ठ्यातले सगळे तुकडे आल्याशिवाय तिकडे पुढचं विश्लेषण होत नाही. दहा दिवस साठवलेलं काम म्हणजे दहा दिवस अडवलेलं काम. साठ्याचा हा अर्थ मामांच्या डोक्यात आलाच नव्हता, कारण त्यांच्या दृष्टीनं साठा म्हणजे तयारी.

उपाय सोपा होता. न सुरू झालेली कामं निवडायची आणि ॲबॉर्ट करायची. सर्व्हरला लगेच कळतं आणि तो ती दुसऱ्याला देतो. नाही केली तरी मुदत टळल्यावर क्लायंट ती स्वतःच टाकून देतो, पण तोवर दिवस गेलेले असतात. मी हे सांगितलं तर मामा दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताटात वाढून घेतलं अन् टाकून द्याचं?"

मी इंजिनियर माणूस. माझ्याकडे यावर उत्तर होतं, आकड्यांसकट. पण ते आकडे फोनवर सांगून उपयोग नव्हता. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी देवळीला गेलो.

मामांची थोडी शेती आहे, एक विहीर, एक मोटरपंप. शेतीच्या फीडरला थ्री-फेज वीज वर्षानुवर्षं पाळीनं मिळत आलेली: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. आता ही व्यवस्था म्हणजे शेड्युलरच आहे. वीज सगळ्यांना सगळा वेळ पुरत नाही, म्हणून वेळ वाटून दिला. पण मर्यादा वेळेवर आहे, एका वेळी किती पंप चालावेत यावर नाही. आणि रात्री दोनला वीज येणार असेल तर शेतात कोण जाणार, म्हणून प्रत्येकानं पंपाला ऑटोस्विच बसवला. वीज आली की पंप आपोआप सुरू. होतं काय, वीज येते त्या क्षणी एका डीपीवरचे सगळे पंप एकदम उठतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. डीपी जळते. मग नवी डीपी येईपर्यंत सगळ्यांचं पाणी बंद. ऑटोस्विच काढा म्हणून आवाहनं होत आली आहेत, पण माझ्या एकट्यानं काढून काय होणार असं प्रत्येकाला वाटतं, आणि ते खरंही आहे.

मामांच्या शेताजवळची डीपी त्या आधीच्या हिवाळ्यात जळली होती. गहू उभा असताना.

मी म्हटलं, मामा, डीपी कशानं जळाली?

"कशानं म्हणजे? साऱ्यायनं एकाच टायमाले ओढली."

कमी ओढली असती तर?

मामा माझ्याकडे बघत राहिले. शिक्षक माणूस, कुठे नेतोय ते त्यांना कळलं. "तू मले डीपीवर आणून राहिला," म्हणाले. आणि हसले. मामी गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा बघितलं असेन.

या डीपीच्या प्रश्नावर बॉइंकमध्ये बसवलेलं उत्तर फार सुंदर आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. सेटी ॲट होमचा सर्व्हर दर मंगळवारी देखभालीसाठी काही तास बंद असायचा. परत चालू झाला की जगभरच्या मशीन एकदम दार ठोठावायच्या. म्हणून बॉइंकच्या क्लायंटमध्ये असं केलंय की सर्व्हरनं उत्तर दिलं नाही तर थोडा वेळ थांबायचं, परत नाही दिलं तर त्याच्या दुप्पट, मग त्याच्याही दुप्पट, आणि दर वेळी त्यात थोडा यादृच्छिक फरक मिसळायचा. म्हणजे माझी मशीन सात मिनिटांनी उठेल, तुमची अकरा मिनिटांनी. ऑटोस्विचमध्ये एवढीच अक्कल घातली, प्रत्येकात वेगळा काही मिनिटांचा उशीर, तर किती डीपी वाचतील! पण तरीही लोक मंगळवारची सोय म्हणून आधीच काम भरून ठेवायचेच, मामांसारखे. ज्याच्याकडे दणकट मशीन तो हजारो कामं दाबून बसायचा, आणि "कुणाकडे काय दिलंय" याची सर्व्हरवरची यादी फुगून डेटाबेस कोलमडायचा. शेवटी सेटीनं मर्यादा घातली: एका मशीनच्या सीपीयूसाठी एका वेळी हातात 100 कामं, त्यापेक्षा जास्त नाही. लोकांनी प्रचंड आरडाओरडा केला. आम्ही फुकट वीज जाळतोय आणि तुम्ही आम्हालाच रेशन लावता? अगदी मामांचंच वाक्य, इंग्रजीत.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की मर्यादा कुठे बसवली. काम करणाऱ्याच्या हातात मर्यादा बसवून भागत नाही, काम देणाऱ्याला ती माहीत असावी लागते. बॉइंकमध्येच याचा एक नमुना आहे. पुढे एक सोय आली, मॅक्स कन्करंट. एका छोट्या कॉन्फिग फाईलमध्ये लिहायचं की या प्रकल्पाची एका वेळी दोनच कामं चालव. उत्तम. पण बरीच वर्षं काम मागवणाऱ्या भागाला या मर्यादेचा नीट पत्ताच नव्हता. तो आपला कोअर मोजून काम मागवत राहायचा. चालवणारा म्हणतोय दोन, मागवणारा म्हणतोय अजून आण. कधी ढीग साचायचा, कधी एका प्रकल्पाच्या ढिगामुळे उरलेले कोअर रिकामे बसायचे. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ते दुरुस्त झालं. कापसाच्या सीझनमध्ये हेच बघायला मिळतं. आत काट्यावर दिवसाला ठरावीक गाड्याच मोजून होतात, पण गेटवर कुणी गाड्या मोजत नसेल तर रांग डांबरी रस्त्यावर येते. टोकन दिलं की रांग घरी थांबते, रस्त्यावर नाही.

(जाता जाता: देवळीचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत येतं ते एका ताम्रपटामुळे. राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा याचा, शके 862, म्हणजे इसवी सन 940 चा. रा. गो. भांडारकरांनी तो प्रसिद्ध केला. त्यात एक गाव दान दिल्याची नोंद आहे, आणि पद्धतीप्रमाणे गावाच्या चारी दिशांच्या सीमाही दिल्या आहेत. देणाऱ्यानंच सीमा लिहून दिली. अकराशे वर्षांपूर्वीच्या लोकांना मॅक्स कन्करंट कळत होतं.)

ऑफिसमध्ये हे सगळं आपण रोज बघतो, फक्त नावं वेगळी असतात. कुबरनेटीसमध्ये कंटेनरला सीपीयूची लिमिट लावता ना, ती म्हणजे बॉइंकची ती दुसरी ओळ: दर 100 मिलिसेकंदात तुझ्या वाट्याचे इतके मिलिसेकंद, संपले की गप्प बस. सरासरी वापर तीस टक्केच दिसतोय आणि तरी रिस्पॉन्स अडखळतोय, हे कोडं ज्यांनी रात्री दोनला सोडवलंय त्यांना दम्याचा पंखा आठवेल. मोठ्या क्लस्टरवर स्लर्म असतो. पुण्यात आयसरला 2019 मध्ये परम ब्रह्म बसला, राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधला, त्यावरही स्लर्मच. तिथे काम टाकताना आधी सांगावं लागतं, किती कोअर आणि किती तास. माणसाचा स्वभाव असा की सहा तासांचं काम असेल तरी अठ्ठेचाळीस सांगायचे, असू देत म्हणून. पण शेड्युलर मोठ्या कामांमधल्या फटीत छोटी कामं बसवत असतो. अठ्ठेचाळीस सांगणारा कुठल्याच फटीत बसत नाही आणि रांगेत मागे राहतो. खरं सांगणारा लवकर सुटतो. एवढा सरळ न्याय खऱ्या आयुष्यात कुठे मिळतो?

फेअरशेअर मात्र एवढा सरळ नाही. तुम्ही मागच्या काही दिवसांत किती वापर केला ते मोजायचं, जुना वापर हळूहळू विसरायचा (स्लर्मचा डिफॉल्ट असा की सात दिवसांत तो निम्मा धरायचा), आणि ज्यानं कमी वापरलं त्याला पुढे घ्यायचं. ऐकायला छान. पण हा हिशोब आधी गटाचा होतो, मग गटातल्या माणसाचा. तुमच्या गटातल्या एकानं हजार कोअर ओढले तर तुम्ही आठवडाभर काहीही न चालवता शेवटी जाता. मामांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, भारनियमनच की. राज्यात भारनियमन जोरात होतं त्या काळात वीजगळती आणि थकबाकी बघून फीडरचे गट पाडले होते, ज्या गटाची गळती जास्त तिथे अंधार जास्त. ज्यानं दर महिन्याला बिल भरलं त्याच्याही घरात. गट करणं सोपं असतं म्हणून करतात, याहून मोठं समर्थन मला आजवर सापडलेलं नाही.

आणि पाऊस. देवळीत जूनमध्ये सगळे वर बघत असतात. पेरायचं की थांबायचं. तो अंदाज निघतो पुण्यात, पाषाणला. हवामान खात्याचं 12 किलोमीटरचं मॉडेल 2018 पासून तिथल्या आयआयटीएमच्या प्रत्युषवर चाललं. 2024 च्या सप्टेंबरमध्ये अर्क आला आणि मे 2025 मध्ये 6 किलोमीटरचं भारत फोरकास्ट सिस्टिम. जाळी निम्मी बारीक केली की चौकोन चौपट होतात आणि वेळेची पावलंही निम्मी टाकावी लागतात, म्हणजे हिशोब साधारण आठपट. उद्याच्या पावसाचा हिशोब परवा संपला तर तो कितीही बारीक असला तरी कचराच. अशा मशीनवर संशोधकांची इतर कामंही असतात, ती चांगलीच असतात, पण कुणीतरी त्यांना थांब म्हणावंच लागतं. मी मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तिथंही कोणीतरी पोट्टा आपली मशीन पुरी मागत असन." असणारच. त्याच्याही डोक्यात काहीतरी मामांसारखंच कारण असेल.

त्या जूनमध्ये आम्ही दोघांनी बसून दहाही मशीनवरची न सुरू झालेली कामं ॲबॉर्ट केली. मी माऊस मामांच्या हातात दिला होता. पहिल्या मशीनला त्यांनी एकेक काम निवडून काढलं, जणू तांदळातले खडे. तिसऱ्या मशीनपासून सगळी एकदम. मग साठा अर्ध्या दिवसाचा केला, वर आणखी पाव दिवस. लाईन गेली तर मशीन रिकाम्या बसतील, बसू देत. दिवसा एक कोअर, रात्री दोन. "थांबलेलं काम मेमरीत राहू द्या" हा पर्याय चालू केला, कारण तो बंद असला की क्लासचं पोरगं माऊस हलवतं तेव्हा काम मेमरीतून उतरतं आणि पुन्हा सुरू होताना शेवटच्या चेकपॉइंटपासून करावं लागतं. दिवसातून चाळीस वेळा माऊस हलला तर काय होईल ते बघा. हे एवढं एक सेटिंग कोअर वाढवण्यापेक्षा जास्त काम देऊन गेलं असं माझं प्रामाणिक मत आहे.

विजेचा हिशोबही मामांनी स्वतः केला. काम चालू असताना एक मशीन रिकाम्या मशीनपेक्षा तीसेक वॉट जास्त घेत होती. दहा मशीन, बारा तास, साडेतीन युनिटच्या वर, रोज. हे त्यांनी वहीत लिहिलं, मामींच्या औषधांचा हिशोब ज्या वहीत होता त्याच वहीत पुढच्या पानावर. मी काही बोललो नाही.

जुलैत "नो रिप्लाय" बंद झाले. कामांची संख्या एप्रिलच्या निम्म्यावरही नव्हती, पण पानावर सगळीकडे व्हॅलिड, आणि बरीचशी दोन दिवसांच्या आत परत गेलेली. मग एक दिवस मामांनी फोन करून विचारलं, काही कामांची मुदत इतकी कमी का येते आहे? ती दुसऱ्या कुणी वेळेत न केलेली, परत वाटलेली कामं होती. मामांच्या मशीन आता भरवशाच्या यादीत गेल्या होत्या. हे समजावल्यावर पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग, "म्हणजे कोणाचं तरी राहिलेलं आपल्याकडे येऊन राहिलं." आणि फोन ठेवला.

2021 मध्ये आयबीएमनं हा सगळा उपक्रम टोरंटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे सोपवला. 2022 मध्ये स्थलांतरामुळे बरेच महिने काम येणंच बंद होतं. त्या काळात मामा मला दर आठवड्याला विचारायचे, सर्व्हर उठला का. क्लासही आता पूर्वीसारखा भरत नाही, पोरं मोबाईलवरच सगळं करतात. दहातल्या सहा मशीन भंगारात गेल्या. पण 2023 मध्ये मामांनी एक नवी घेतली, सहा कोअर, बारा थ्रेड. मला फोन केला तो किंमत सांगायला नाही, तर बारा म्हणजे खरंच बारा असतात का हे विचारायला. नसतात, म्हटलं. एका कोअरवर दोन थ्रेड म्हणजे एका चुलीवर दोन भांडी, दुप्पट स्वयंपाक होत नाही. मग त्यांनीच विचार करून आठ ठरवले.

मागच्या खेपेला गेलो तेव्हा त्या मशीनवर कागद चिकटवलेला दिसला, मामांच्या शिक्षकी अक्षरात. साठा अर्धा दिवस. कोअर आठ. खाली लाल पेनानं: मे मध्ये चार, दुपारी बंद.